माणशी बारा मीटर तटबंदी

भुजहून पश्चिमेकडे निघालं की नखत्राणा, माता नो मढ, दयापर अशी गावं एकेक करून मागे पडतात. मग दोन्ही बाजूंना उरतो तो गांडो बावळ, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ. रस्ता जिथे संपतो असं वाटतं तिथे एक वेस उभी असते. वेशीतून आत शिरल्यावर गाव लागावं ही आपली सवयीची अपेक्षा. इथे लागतं मोकळं माळरान, मध्येच एखादा घुमट, पडक्या जोत्यांचे चौकोन, आणि नजर पोचेल तिथवर पळत गेलेली दगडी भिंत. वस्ती एका कोपऱ्यात आहे, शोधली तर सापडते.

हे लखपत. कच्छच्या वायव्य टोकाला, कोरी खाडीच्या काठावर. पुढे खारं पाणी, चिखल, रण आणि पलीकडे सिंध. तटबंदी सात किलोमीटर लांब. २०११च्या जनगणनेत गावात घरं १०८ आणि माणसं ५६६. भागाकार केला तर दर माणशी बारा मीटरहून थोडी जास्तच भिंत येते. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीच्या चारही भिंती मिळून साधारण एवढीच लांबी भरते, आणि त्यात अख्खं कुटुंब राहतं. इथे तेवढी भिंत एकेकाच्या वाट्याला.

एवढा मोठा तट आणि एवढी थोडी माणसं, हे कसं झालं? विचारलं की एकच गोष्ट ऐकायला मिळते. सिंधू नदीचा एक फाटा इथून वाहत होता, काठी लाल भात पिकत होता, बंदर गजबजलेलं होतं. १६ जून १८१९ च्या संध्याकाळी धरणी हादरली, नदीने तोंड फिरवलं आणि शहर एका रात्रीत ओस पडलं. गोष्ट ऐकायला छान आहे आणि तिचा अर्धा भाग खराही आहे. पण लोकसंख्येचे जे चार-पाच आकडे हाती आहेत ते एका रेघेत मांडले की दुसरा अर्धा भाग डळमळू लागतो.

आकडे असे: १८१८ साली वस्ती १५,०००. १८२०च्या सुमारास ६,०००. १८८०च्या सुमारास २,५००. २००१ साली ४६३. २०११ साली ५६६. यातले पहिले दोन म्हणजे जनगणना नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. हिंदुस्थानात शिरगणतीची सुरुवातच १८७२ ची. त्याआधीचे आकडे जकातीच्या वह्या, उंबरठ्यांचा अंदाज आणि साहेबाची नजर यांतून आलेले, म्हणूनच ते इतके गोल. तरी त्यांचा रोख कळतो. भूकंपाने शहर निम्म्याहून जास्त रिकामं केलं, यात शंका नाही. पण त्यानंतरही सहा हजार माणसं होती आणि आणखी साठ वर्षांनी अडीच हजार. एका रात्रीत मेलेल्या गावाची ही लक्षणं नव्हेत.

आता नदीकडे वळू. सिंधूचा सर्वांत पूर्वेकडचा फाटा वर नारा, मधे पुराण आणि समुद्राला मिळताना कोरी अशा नावांनी ओळखला जातो. पुराच्या दिवसांत यातून गोडं पाणी लखपतच्या वरच्या अंगाला येई आणि त्यावर भात होई. भात आणि कच्छ हे शब्द आज एका वाक्यात ठेवले तर माणूस दोनदा वाचेल. त्या काळी मात्र तिथे भाताची खाचरं होती. ती खाचरं भूकंपाने बुडवली नाहीत. ती आटली पन्नास वर्षं आधीच, आणि माणसाच्या हाताने. सिंधचा सत्ताधीश गुलामशाह कल्होरो १७६२ साली कच्छवर चालून आला. लखपतपासून फार दूर नसलेल्या झारा इथल्या टेकडीवर मोठी लढाई झाली. कच्छची माणसं अतोनात मारली गेली, पण राज्य काही गुलामशाहच्या हाती लागलं नाही. मग त्याने मोरा या जागी नदीला बांध घातला आणि पाणी आपल्या बाजूच्या कालव्यांत वळवलं. कच्छमध्ये हा सूड म्हणूनच सांगितला जातो. मला वाटतं, वरच्या अंगाला बसलेल्याला सूड आणि सिंचन यांत निवड करावी लागत नाही. एकाच बांधात दोन्ही होतं. पुढे १८०२ च्या सुमाराला अली बंदरजवळ आणखी एक बांध पडला. उरलंसुरलं गोडं पाणीही थांबलं आणि कोरीची खाडी भरती-ओहोटीवर जगू लागली. भाताच्या जमिनीवर मीठ फुललं.

म्हणजे भूकंपाच्या वेळी लखपतपाशी नदी अशी उरलीच नव्हती. होती ती खाडी. आणि गंमत अशी की आज आपण जी भिंत पाहतो ती या आटलेल्या नदीच्या काळातली आहे. सात किलोमीटरचा हा तट १८०१ साली जमादार फतेह मोहम्मदने नव्याने उभारला. नदी गेल्यावर शहर मरायला हवं होतं. ते उलट वाढलं होतं, इतकं की जुना तट पुरेना.

हा फतेह मोहम्मद मोठा विलक्षण माणूस. गरीब घरचा, सुरुवातीला गुरं राखणारा, मग शिपाई, मग जमादार. कच्छचा राव रायधण याचं डोकं फिरल्यासारखं झालं आणि १७८६ साली दरबारच्या लोकांनी त्याला बाजूला सारून बारा जणांचं मंडळ कारभाराला बसवलं. तिकडे त्याला ‘बार भायात नी जमात’ म्हणतात. मराठी वाचकाला इथे आपले बारभाई आठवल्याशिवाय राहायचे नाहीत. नारायणराव पेशव्याच्या खुनानंतर पुण्यात जे झालं त्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. आपल्या बारभाईंतून जसे नाना फडणवीस वर आले तसा कच्छच्या जमातीतून फतेह मोहम्मद वर आला. १८१३ साली प्लेगने जाईपर्यंत कच्छचा खरा कारभारी तोच. लखपतला त्याने मोठी शिबंदी ठेवली. १८०४ मध्ये त्याच्याच किल्लेदाराने मांडवीच्या हंसराज या प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी करून त्याची माणसं किल्ल्यातून हाकलली होती. तो किल्ला त्याने पुन्हा ताब्यात घेतला. ज्या गावात नुसतं मीठ आणि चिखल आहे त्यासाठी कोणी इतका आटापिटा करत नाही. लखपतला जकात होती. सिंधमधून कच्छमध्ये येणारा आणि कच्छमधून सिंधमध्ये जाणारा माल इथेच खाडी ओलांडायचा. ओलांडण्याच्या जागेवर जो बसतो तो दोन्हीकडून घेतो.

घेतो म्हणजे किती? लखपत हे नाव इथे रोज लाख कोरींचं उत्पन्न होतं म्हणून पडलं, असं सर्रास सांगतात. कोरी हे कच्छ संस्थानचं चांदीचं नाणं. एकोणिसाव्या शतकात ३७९ कोरींना कंपनीचे किंवा राणीचे शंभर रुपये असा भाव होता. त्या हिशेबाने लाख कोरी म्हणजे साधारण २६,००० रुपये. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लखपतचं उत्पन्न किती नोंदलं आहे? वर्षाला ६०,००० रुपये. दंतकथेच्या भावाने हा सगळा वसूल सव्वादोन दिवसांत संपतो. उरलेले तीनशे बासष्ट दिवस काय करायचं हा प्रश्न दंतकथेला पडत नाही. नावाचं जुनं स्पष्टीकरण साधं आहे. तेराव्या शतकाच्या मध्यात सिंधमध्ये राज्य करणाऱ्या लाखा नावाच्या रावावरून ते आलं, असं एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरवाल्यांनी लिहून ठेवलं. पण वर्षाला साठ हजार हीदेखील रणाच्या काठावरच्या गावाला काही थोडकी रक्कम नव्हे.

आता भूकंप. १६ जून १८१९, संध्याकाळी सातच्या आगेमागे. आजच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाने तीव्रता ७.७ ते ८.२. दीड हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक भूजमध्ये. तिथे सात हजार घरं पडली. तीनशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार कोसळले. भूजमध्ये तेव्हा कॅप्टन मॅकमर्डो हा इंग्रज रेसिडेंट होता. त्याने लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीने पुढे छापला.

लखपतच्या वरच्या अंगाला, नदीच्या पात्रालगत, सिंद्री नावाचा विटांचा लहानसा किल्ला होता. कच्छ दरबारचं ते जकातीचं ठाणं. त्या संध्याकाळी किल्ल्याखालची जमीन बसली आणि समुद्र खाडीतून आत आला. ठाण्यातली माणसं एका बुरुजावर चढली, रात्र तिथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी होडीने त्यांची सुटका झाली. भोवतालचा सगळा प्रदेश पाण्याखाली गेला आणि काही तासांत तिथे एक अफाट खारं सरोवर झालं. पाणी जरा निवल्यावर लोकांनी उत्तरेकडे पाहिलं, तर काल जिथे सपाट रण होतं तिथे आज मातीचा लांबलचक उंचवटा. ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत उंच, नदीच्या पात्राला आडवा. सिंधच्या सत्ताधीशांनी घातलेले बांध लोकांनी पाहिले होते. हा कोणी घातला? त्यांनी त्याचं नाव ठेवलं अल्ला बंद.

जमिनीखाली झालं ते असं. एका भेगेच्या रेषेवर उत्तरेकडचा भाग दाबाखाली वर सरकला आणि दक्षिणेकडचा खचला. एकीकडे बांध, दुसरीकडे तळं, ही एकाच हालचालीची दोन अंगं. भूकंपाने पृष्ठभागाचा आकार कसा बदलतो याची इतकी चोख नोंद तोवर जगात फारशी कुठे झालेली नव्हती. चार्ल्स लायेलने आपल्या भूशास्त्रावरच्या प्रसिद्ध ग्रंथात सिंद्री आणि अल्ला बंदची हकिकत घेतली. त्यातलं सिंद्री किल्ल्याचं चित्र कॅप्टन ग्रिंडलेने १८०८ साली, म्हणजे बुडण्याच्या अकरा वर्षं आधी, काढलेल्या रेखाटनावरून केलं होतं. कंपनीच्या फौजेतला अलेक्झांडर बर्न्स १८२८ साली होडीने सिंद्रीला गेला तेव्हा एकच बुरूज उभा उरला होता आणि पडक्या भिंती पाण्यावर दोन-तीन फूट डोकं काढून होत्या. तो त्यातल्या एका भिंतीवर उभा राहिला. सगळीकडे पाणीच पाणी आणि उत्तरेला एक निळसर रेघ: अल्ला बंद.

लायेलच्या याच ग्रंथात लखपतविषयी एक वाक्याएवढी नोंद आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे. भूकंपाआधी लखपतपाशी खाडी इतकी गाळाने भरलेली होती की ओहोटीला फूटभर पाणी उरे आणि भरतीलाही सहा फुटांपलीकडे जात नसे. माणसं चालत पार व्हायची. भूकंपानंतर तिथेच, ओहोटीलासुद्धा, अठरा फुटांहून जास्त पाणी भरलं. म्हणजे ज्या भूकंपाने बंदर मारलं असं सांगतात त्याने प्रत्यक्षात बंदराचा तळ खोल करून दिला होता. होड्यांची वाट बंद नव्हे, मोकळी झाली. त्यात १८२६ साली सिंधूला मोठा पूर आला, वरचे बांध फुटले, पाण्याने अल्ला बंदही कापला आणि काही काळ गोडं पाणी पुन्हा खाली उतरलं.

मग माणसं का गेली? एक तर घरं पडली होती, आणि ज्याचं मन आधीच निघण्याचं आहे त्याला पडलेलं घर निमित्त पुरतं. १८२०च्या सुमाराच्या वर्णनात तटाच्या आतला बहुतेक भाग पडका असल्याचं म्हटलंय. उरलेल्या सहा हजारांत मुख्यतः बाहेरचं भांडवल फिरवणारे व्यापारी आणि सिंधमधून हुसकावून लावलेली हिंदू कुटुंबं होती. अशा माणसांची मुळं जमिनीत नसतात, वाटेत असतात. वाट बदलली की ती उठतात. आणि वाट बदलली. १८३९ मध्ये इंग्रजांनी कराची घेतली, १८४३ मध्ये सगळं सिंध. ज्या सीमेवर जकात बसत होती तिच्या एका बाजूला आता खुद्द इंग्रज आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं मांडलिक संस्थान. १८६१ साली कराची ते कोटरी रेल्वे सुरू झाली, आणि सिंधूच्या खोऱ्यातला माल खाड्यांतून वळसे घेण्याऐवजी थेट धक्क्यावर जाऊ लागला. लखपतच्या दुकानदाराने एके सकाळी दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक आलंच नाही, असं काही झालं नसणार. महिन्यातून चार होड्या यायच्या त्या तीन झाल्या असतील, मग दोन. मुलगा मांडवीला गेला असेल, पुतण्या मुंबईला. मस्जिद बंदरच्या परिसरात ज्यांचे पणजोबा येऊन टेकले अशी कितीतरी कच्छी घराणी याच शतकातली. असल्या जाण्याची दंतकथा होत नाही.

या काळाचा एक साक्षीदार तटाच्या आत उभा आहे, त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. पीर गौस मोहम्मद यांचा कुबो. पीर १८५५ साली वारले. हिंदू आणि मुसलमान दोघांतही त्यांचे भक्त. त्यांच्या पश्चात भावाने वर्गणीतून हा मकबरा बांधायला घेतला. काळसर दगड, खाली उंच अष्टकोनी जोतं, वर घुमट. जवळ गेलं की कळतं, अंगावर एक वीतही कोरी ठेवायची नाही असं कारागिरांनी ठरवलं होतं. वेलबुट्टी, कमळं, जाळीचे भासणारे चौकोन. बोट फिरवलं तर कडा अजून लागतात. आत पांढरी संगमरवरी फरशी. समोर छोटं कुंड. त्याच्या पाण्याने कातडीचे विकार बरे होतात असा समज. आणि बांधकाम अपुरं. पैसे संपले की माणसं, हे दगड सांगत नाहीत. पण एवढं कळतं की भूकंपाला छत्तीस वर्षं उलटल्यावरही इथे असं काम हाती घेण्याची ऐपत आणि उमेद शिल्लक होती.

त्यानंतरचा इतिहास भरभर सांगता येतो, कारण लखपतच्या बाबतीत तो बहुतेक दुसरीकडेच घडला. १९४७ साली सिंध परदेश झालं आणि खाडीपलीकडची वाट कायमची बंद झाली. कराची गेली, तर पश्चिमेला नवं मोठं बंदर हवं, म्हणून भारताने कच्छमध्येच कांडला उभारलं. पण ते पूर्वेच्या टोकाला. सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी भाई प्रताप यांनी गांधीधाम वसवलं, तेही तिकडेच. लखपतला कराचीने संपवलं आणि कराचीच्या बदल्यात जे मिळालं त्यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० एवढा काळ कच्छ द्विभाषिक मुंबई राज्यात होता. म्हणजे साडेतीन वर्षं लखपत आणि चांदा एकाच राज्यात! याहून जुना एक मुंबईचा धागा खाडीच्या पश्चिमेला अडकलेला आहे. सर क्रीकचा जो तंटा भारत-पाकिस्तानात अजून मिटलेला नाही त्याचा मूळ कागद १९१४ सालचा, मुंबई सरकारचा ठराव. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १९६५ च्या एप्रिलमध्ये रणात चकमकी झडल्या. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं आणि १९६८ च्या निवाड्यात पाकिस्तानने मागितलेल्या रणाच्या भागापैकी साधारण दहावा हिस्सा त्याला मिळाला. सर क्रीक त्या निवाड्याच्या बाहेरच राहिली. तटाच्या खाडीकडच्या बुरुजावर आता सीमा सुरक्षा दलाचा पहारा असतो. जिथे कधी जकातीसाठी होड्या मोजल्या जात, तिथून आता होडी दिसलीच तर चौकशी होते.

लखपत हे आजही तालुक्याचं नाव आहे. मामलेदार कचेरी मात्र दयापरला. तालुक्यात लिग्नाइटच्या खाणी आहेत, माता नो मढला आशापुरा मातेचं देऊळ आहे, नारायण सरोवर आणि कोटेश्वर आहेत. त्यामुळे इथून माणसं सतत जात-येत असतात, लखपतला टेकत नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत गावात १०३ माणसं आणि २१ घरं वाढली. टक्क्यांत बावीस. त्याच दहा वर्षांत कच्छ जिल्हा १५.८३ लाखांवरून २०.९२ लाखांवर गेला, म्हणजे बत्तीस टक्के वाढला, पण ती वाढ मुंद्रा-गांधीधामच्या बाजूची, २००१च्या भूकंपानंतरच्या कारखान्यांची. तरीही दोनशे वर्षं उतरत आलेला आकडा एकदा तरी वर चढला, याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी म्हणून घेतो.

खाडीच्या कडेला चेर, म्हणजे आपली तिवरं, आहेत आणि त्यांच्यावर जगणारे खराई उंट. हे उंट पोहतात. फकीराणी जत पशुपालक भरती-ओहोटी पाहून त्यांना बेटांवर चरायला सोडतात. लांबच लांब माना पाण्याच्या वर आणि बाकी सगळं खाली. २०१५ मध्ये उंटांची स्वतंत्र जात म्हणून त्यांना मान्यता मिळाली. वाळवंटात पोहणारा उंट ऐकून हसू येतं, पण हे वाळवंट कधीच नुसतं कोरडं नव्हतं.

आणि एक गुरुद्वारा. गुरु नानक मक्केच्या वाटेवर इथे उतरले होते अशी परंपरा आहे. त्यांच्या खडावा आणि पालखी जपून ठेवली आहे. २००१ च्या भूकंपात वास्तूला तडे गेले. दुरुस्ती जुन्या चुन्याच्या पद्धतीने झाली आणि २००४ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पांढऱ्या भिंती, बुटकी दारं, वाकून आत जायचं. एरवी दुपारी दोन-चार गाड्या येतात, माणसं फोटो काढतात, लंगर जेवतात आणि उजेडीच परततात. डिसेंबरच्या अखेरीला मात्र दरसाल गुरुपर्व भरतं. गुजरातभरची, काही पंजाबहून आलेली कुटुंबं तटाच्या आत मुक्काम करतात. मांडव पडतात, मोठमोठ्या कढया चुलीवर चढतात, पहाटेच्या गारठ्यात चहाच्या पातेल्यापुढे रांग लागते. तीन दिवस वेशीतून गाड्यांची ये-जा चालते आणि पडक्या जोत्यांवर सतरंज्या वाळत घातलेल्या दिसतात. चौथ्या दिवशी मांडववाले खांब उपटून ट्रकमध्ये भरतात.